वाढत्या अंगाचा पाय

बोरगाव मेघेतील समस्त नागरिक, माताभगिनी आणि बाहेरगावाहून आलेली पाहुणेमंडळी यांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, कुंदाताई भोयर यांच्या शिलाईच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहून 'बिचारी' हा शब्द उच्चारणाऱ्या इसमास, मग तो कोणत्याही वयाचा, पक्षाचा अथवा हुद्द्याचा असो, जागीच खाली बसवण्यात येईल. त्याच्या हातात सुईदोरा आणि एक ब्लाउज देण्यात येईल. ब्लाउजला पाचही हुक लावल्याशिवाय सदर इसमाची सुटका होणार नाही. कृपया नोंद घ्यावी.

ही सूचना मी माझ्या भोंग्यावरून कधी देऊ शकलो नाही, याची मला फार हळहळ वाटते. मंडप आणि लाउडस्पीकर हा माझा धंदा. हरवलेल्या म्हशीपासून येऊ घातलेल्या मंत्र्यापर्यंत सगळ्यांची बातमी मी या गावाला दिली आहे. पण या एका सूचनेला कुंदाताईंनी परवानगी दिली नाही. "सांगू नका भाऊ," त्या म्हणाल्या. "लोकं हुशार होतीन. मंग माहे हुक कोण लावन?"

आमच्या दोन दुकानांत एकच भिंत होती, तीही अशी की पलीकडे मशीन थांबलं की इकडे मला चुकल्यासारखं वाटायचं. कुंदाताईंच्या गळ्यात टेप आणि तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात ठेवूनच त्या गिऱ्हाइकाशी बोलायच्या, हसायच्या, भांडायच्याही. एकेक टाचणी तोंडातून काढून गादीत खोचायला लागल्या की समोरच्यानं समजून घ्यायचं, आता काहीतरी ऐकून घ्यावं लागणार. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, मापं राहत. "ते नाई का, बत्तीस कमरवाल्या बाई, त्यांच्या पोराचं लगन जुळलं." माझ्या बायकोची ओळख त्यांच्या तोंडून जशी व्हायची तशी इथे लिहिली, तर मला घरात घेणार नाहीत.

आणि त्यांचं एक वाक्य होतं. ब्लाउज घट्ट झाला म्हणून कुणी परत घेऊन आलं की ते ठरलेलं: "माप चुकत नसते, अंग बदलते."  बायका आपल्याच दंडाकडे संशयानं बघत घरी जायच्या.

त्यांची मुलगी रेणू. तीन वर्षांची असताना नाचणगावला मामाकडे गेली होती. तिथे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली तिचा उजवा पाय आला, आणि गुडघ्याच्या चार बोटं खालून तो काढावा लागला. त्या दिवसाबद्दल मी जास्त लिहिणार नाही, कारण कुंदाताई कधी बोलल्या नाहीत आणि त्यांचे यजमान दिलीपभाऊ तर कशाबद्दलच फारसं बोलत नाहीत. दिलीपभाऊ कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. त्यांचं सगळं बोलणं पाना आणि पक्कड यांच्यातून व्हायचं. रेणूची पहिली लहानशी कुबडी त्यांनी स्वतः बनवली, तिला सायकलची मूठ बसवली आणि वर घंटी. ती घंटी वाजवत रेणू दुकानात शिरायची आणि गिऱ्हाइकांना बाजूला व्हायला लावायची.

मला वाटायचं, पाय गेला, वाईट झालं, पण आता झालं ते झालं. तसं नसतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की लहान मुलाचं कापलेलं हाड वाढत राहतं. वरची कातडी त्या वेगानं वाढत नाही. मग हाडाचं टोक आतून कातडीला टोचायला लागतं, आणि दर एक-दोन वर्षांनी ऑपरेशन करून ते कमी करावं लागतं. मुलगी वाढायची थांबेपर्यंत हे चालणार. डॉक्टरांनी अर्धा तास समजावलं, ते घरी येऊन कुंदाताईंनी मला एका वाक्यात समजावलं. "भाऊ, आतलं अस्तर वाढून राह्यलं, वरचं कापड तेवढंच आहे. तं मंग दर खेपेला अस्तर काटा लागते." आणि मशीनला पाय लावला. त्या दिवशी त्यांनी चार परकर संपवले.

उरलेल्या पायाला रेणूनं नाव ठेवलं होतं गट्टू. "गट्टूले झोप येऊन राह्यली," "गट्टू आज शाळेत जात नाई म्हणते." आळस हिचा, नाव गट्टूचं.

'बिचारी'चा नियम कसा सुरू झाला तेही मी पाहिलं आहे. एक निवृत्त मुख्याध्यापक बायकोचे ब्लाउज न्यायला आले. भला माणूस. पायरीवर रेणू चिंध्यांची बाहुली करत बसली होती. गुरुजी थांबले, मान हलवली आणि म्हणाले, "अरेरे! बिचारी."

आतून मशीन थांबलं. एक टाचणी गादीत गेली. दुसरी गेली.

"गुरुजी, टाइम आहे ना तुमच्याजवळ?"

"आहे की. निवृत्त माणूस मी."

"मंग बसा. हळहळ करायले टाइम आहे, तं हुक लावायले बी असन."

गुरुजींना वाटलं गंमत आहे. ती गंमत नव्हती. ते बसले, चष्मा पुसला, आणि रेणू त्यांना सुईत दोरा ओवून देऊ लागली. पाच हुक लागेपर्यंत त्यांना एवढं कळलं की बिचारीला पाचापर्यंत पाढे येतात, बिचारी टाका वाकडा गेला की हसते, आणि बिचारीचं मत असं आहे की मोठ्या शाळेतल्या सरांना साधी गाठ मारता येत नाही. जाताना गुरुजी तिला "काय म्याडम, येऊ का?" असं विचारून गेले. पुढे ते आपणहोऊन यायचे. हाताला सवय झाली, म्हणायचे.

अशा रीतीनं आमच्या गल्लीतली अर्धी वस्ती शिलाई शिकली. एक नगरसेवक शिकले. माझे म्हणाल तर दहा हुक. त्यातले चार उलटे लागले, ते उसवून परत.

आता खरी गोष्ट सांगतो. त्यात मी गुन्हेगार नाही, पण साथीदार आहे.

पाय बनवायला नागपूरला जावं लागायचं. माझ्या टेम्पोतून आम्ही जायचो. तिथे पाय बनवणारे एक शांत गृहस्थ होते. रेणू त्यांना पायवाले सर म्हणायची. पहिला पाय ती चार वर्षांची असताना मिळाला, आणि वर्षभरात तो घट्ट झाला. नवा पाय म्हणजे पुन्हा प्लास्टरचा साचा, पुन्हा खेटे, आणि मुख्य म्हणजे रेणूनं पुन्हा पहिल्यापासून चालायला शिकायचं. पडायचं, रडायचं, भिंत धरायची. कुंदाताईंना तेच नको होतं. मुलीला सलग दोन वर्षं तरी सुखानं हुंदडता यावं, एवढंच त्यांचं मागणं. दुसऱ्या पायाच्या वेळी त्या सरांना म्हणाल्या, "सर, जरा वाढत्या अंगाचा द्या ना."

"म्हणजे?"

"म्हणजे शाळेचा युनिफॉर्म शिवतो ना आपण, तसा. ढिल्ला. दोन वर्षं गेला पाहिजे."

"ताई, हा पाय आहे, फ्रॉक नाही. अंगासरसाच बसावा लागतो. ढिला असला की घासतो."

कुंदाताई बरं म्हणाल्या. इतक्या पटकन त्या कधी बरं म्हणत नसत, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

साचा घेताना पायावर पातळ मोजा असतो. तो घालायचं काम सरांनी विश्वासानं आईवर सोपवलं. आणि या बाईनं घरून काय करून आणलं होतं? तीन मोजे एकात एक घालून, कडा आत दुमडून, असे शिवले होते की बघणाऱ्याला एकच मोजा वाटावा. शिवण कुठे आहे ते देवालाही दिसलं नसतं. सरांनी हात लावून बघितला. "आज मोजा जाड वाटतो."

"धुवून धुवून तसा झाला, सर."

परत येताना टेम्पोत त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा मी स्टेअरिंग सोडून टाळी दिली. वा ताई! काय हात आहे तुमचा! ती टाळी मला आजही नको त्या वेळी आठवते.

पाय आला. आत दोन मोजे जास्तीचे घालून तो बसायचा. कुंदाताई येईल त्याला दाखवायच्या, "पहा, दोन वर्षं पाहाचं काम नाई." रेणू लोकांसमोर चालून दाखवायची. उन्हाळा लागला. आमच्याकडच्या उन्हात मोठ्या माणसाच्या चपलेत पाय शिजतो, तिथे तीन मोज्यांतल्या गट्टूची काय गत. तो आत सरकायचा, घासायचा, आणि पोरगी एक अक्षर बोलली नाही. का बोलली नाहीस, असं मी नंतर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आईनं सगळ्यायले सांगून ठेवलं होतं ना, काका."

ताप भरला तेव्हा मोजा काढला, आणि तो निघेना. चिकटला होता.

डॉक्टर म्हणाले, हाडाचं टोक तसंही कातडीपर्यंत आलं होतं, वरून घासून जखम झाली, आता ऑपरेशन लगेच करावं लागेल. मग त्यांनी विचारलं, पाय इतका ढिला कसा बसवला? पायवाल्या सरांवर ढकलणं अगदी सोपं होतं. कुंदाताईंनी ढकललं नाही. "त्यायनं बरोबर घेतलं होतं. म्या तीन मोजे घातले," असं उभ्या उभ्या सांगितलं. डॉक्टरांनी फक्त पेनाचं टोपण लावलं.

ऑपरेशन नीट झालं, जखम भरली, आणि रेणूनं जाहीर केलं की पाय नको.

"काऊन नको वं?"

"नाई पाहिजे म्हटलं ना."

बास. वय वर्षं सहा. ती घंटीच्या कुबडीवर उड्या मारत फिरायची आणि खरं सांगतो, आम्हा सगळ्यांपेक्षा जोरात फिरायची. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, पाय घातला नाही तर गुडघा आखडेल, पाठ एका बाजूला जाईल, आणि जितके दिवस जातील तितकं अवघड होईल. शाळा उघडायच्या आत ती उभी राहायला हवी. आणि तिच्यापुढे पायाचं नाव काढायची सोय नव्हती. गल्लीच्या हातून हुक लावून घेणारी बाई आपल्या घरातल्या सहा वर्षांच्या पोरीपुढे हात टेकून बसली. रागावून झालं, लाडीगोडी झाली. आजोळहून आजी आली, ती हरून परत गेली. शेवटी माझी मदत मागण्यात आली, यावरून परिस्थिती किती बिकट होती ते समजा.

मी भोंगा लावला. "बालमित्रांनो! पाय घालून सर्वप्रथम चौकात येणाऱ्या कन्येस..." मी पुढचं बक्षीस सांगायच्या आत रेणू माझ्या दारात. घंटी वाजवून म्हणाली, "काका, तुमच्यावर कोन इश्वास ठेवते? तुमी तं म्हैस सापडायच्या आधीच सापडली म्हणून सांगता." मी भोंगा बंद केला. आरोप खरा होता.

मग लगीनसराईतली ती दुपार. दुकान गच्च भरलेलं. मी माझ्या मंडपाच्या झालरी शिवून घ्यायला बसलो होतो. एक बाई तणतणत आल्या, बहिणीचं लग्न उद्यावर आणि ब्लाउज मुंढ्यात घट्ट. कुंदाताईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात पायरीवरून रेणूनं आईचा आवाज काढला, ओठ मिटून, टाचण्यांसकट: "माप चुकत नसते, अंग बदलते!"

दुकान हसून लोटपोट. कुंदाताई हसल्या नाहीत. त्यांनी एकेक टाचणी काढली. पाच होत्या.  त्या उठल्या आणि पायरीवर रेणूच्या समोर खाली बसल्या.

"रेणू, तुहं माप म्या चुकवलं."

रेणू चिंध्या चाचपत राहिली.

"तीन मोजे घातले होते म्या. सरचं काई चुकलं नाई. गट्टूचं बी काई चुकलं नाई. माहं चुकलं."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्या दुकानात कुणी ऐकलं नव्हतं.  रेणूनं चिंधी खाली ठेवली. मग त्या तणतणणाऱ्या बाईंकडे बोट केलं. "मंग इचं बी चुकलं असन."

कुंदाताईंनी मागे वळून त्या ब्लाउजकडे पाहिलं. "हो," त्या म्हणाल्या. "इचं बी. मुंढा कमी काटला म्या."

"आन त्या दिवशीच्या मावशीचं?"

"आता बस कर वं!"

मग मात्र हसल्या, दोघीही. कुंदाताईंनी गळ्यातला टेप काढून रेणूच्या गळ्यात घातला. तिला तो दोन वेढे आला तरी लोंबत होता. "आता तुहं माप तूच घेजो," त्या म्हणाल्या. "म्या हात नाई लावत."

आणि खरंच हात लावला नाही, हे मी शपथेवर सांगतो. नागपूरला तिसऱ्या पायाचा साचा घेताना रेणूनं मोजा स्वतः घातला, सरांना उलटापालटा करून दाखवला, "एकच आहे, पाहून घ्या." पाय तयार झाल्यावर सरांनी सवयीनं आईला विचारलं, बरोबर वाटतो ना? कुंदाताई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. "तिले विचारा," म्हणाल्या. रेणू चार पावलं चालली, थांबली. इथं टोचते. सरांनी घासून दिलं. आता तिथं. पुन्हा घासलं. जरासं अजून. तिसऱ्या खेपेला सर घाम पुसत म्हणाले, "ताई, तुमची मुलगी तुमच्यापेक्षा कडक गिऱ्हाईक आहे."

हे वाक्य कुंदाताईंनी बोरगावात किती जणांना ऐकवलं म्हणून सांगू! मला स्वतःला नऊ वेळा. मुलगी चालायला लागली हे त्या सांगायच्याच नाहीत, ते काय, दिसतच होतं. सांगायच्या ते हे, की माह्या पोट्टीनं तीन खेपा परत केला.

शाळा उघडली त्या दिवशी रेणू पाय घालून गेली. पडली दोनदा. एकदा स्वतः, एकदा कुणीतरी ढकललं म्हणून, आणि त्या ढकलणारीला तिनं काय केलं ते शाळेनं घरी कळवलं. पुढच्या वर्षी पुन्हा ऑपरेशन झालं, पुन्हा नवा पाय. या वेळी लाल सँडल घातलेला. हे अजून कितीतरी वेळा होणार आहे, आणि दर महिन्याच्या एक तारखेला रेणू गट्टूला टेप लावून वहीत आकडा लिहिते. आई विचारते, "किती आला?" कधी सांगते, कधी नाही.

दिलीपभाऊंना आर्वीला जिनिंगमध्ये कायमचं काम मिळालं आणि भिंतीपलीकडचं मशीन गेलं. सामान आणि दिलीपभाऊ माझ्या टेम्पोतून ड्रायव्हरबरोबर पुढे गेले, मायलेकींना बसवून द्यायला मी वर्ध्याच्या स्टँडवर गेलो. सणानंतरचा दिवस, आर्वीच्या गाडीला ही गर्दी. गाडी लागली न लागली तोच लोक खिडक्यांवर तुटून पडले. आत पिशव्या चालल्या आहेत, टोप्या चालल्या आहेत. कुंदाताई दोन्ही हातांत बोचकी घेऊन मागे अडकलेल्या, आणि आठ वर्षांची रेणू मला ओढत खिडकीपाशी.

तिचा रुमाल मी आत टाकला. एक गृहस्थ त्यावर बसले.

"काका, रुमाल गेला."

"जाऊ दे, दुसऱ्या गाडीनं..."

ती विचारात पडली. मग फलाटाच्या कडेला टेकली, पट्टा सोडला, आणि लाल सँडलसकट पाय माझ्या हातात दिला. "हा टाका. त्या पलीकडच्या सीटवर."

आणि मी, एक प्रौढ आणि जबाबदार नागरिक, तो पाय खिडकीतून आत सारला.

आत एकदम जागा झाली. रुमालावर माणूस बसतो, पायावर कोण बसणार? टोपीवाले एक म्हातारबाबा खिडकीतून डोकावले. "अहो, हा पाय कोनाचा हाये?"

"माहा!" रेणू एका पायावर, माझा खांदा धरून. "हलवू नका, मी येऊन राह्यली!"

कुणी हलवला नाही. स्टँडवरचे लोक बघायला लागले, काही हसले, एक बाई तोंडाला पदर लावून उभी राहिली. मी घाबरून कुंदाताईंकडे वळलो. माझी आता काही धडगत नाही, असं वाटलं. त्या बोचकी घेऊन खिडकीकडे बघत होत्या. खिडकीच्या दांडीतून लाल सँडल दिसत होती. त्यांच्या तोंडात आज एकही टाचणी नव्हती, त्यामुळे चेहऱ्यावर काय चाललंय ते लपवायची सोय नव्हती.  मग सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं त्या ओरडल्या,

"अवं, दोन सीटा धरायच्या ना वं! मी काय आर्वीपर्यंत उभी येऊ?"